पीच कॉब्लर: वरून खरपूस, आतून कच्चा! या चुका टाळा

जून लागला की इकडे अमेरिकेत, मध्य जॉर्जियात रस्त्याकडेला पीचच्या पाट्या दिसायला लागतात आणि माझ्या फोनवर कॉब्लरचे फोटो यायला लागतात. फोटो झकास असतात. मागोमाग प्रश्न येतात. "काकू, मधे कच्चं राहिलंय, आता काय करू?" "काकू, सगळं पाणी पाणी झालं." "काकू, पीच भुसभुशीत लागतायत." मागच्या उन्हाळ्यात हेच होतं, त्याच्या मागच्यातही हेच. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकते, पुढच्या वेळी हाच मजकूर पाठवून देता येईल.

ज्यांनी कधी खाल्ला नाही त्यांच्यासाठी: खाली साखरेत घोळवलेलं फळ, वर पीठ, तळाला काहीही नाही. वसाहतींच्या काळात अमेरिकेत आलेल्या लोकांकडे 'पाय' (pie, म्हणजे तळालाही पिठाचा थर असलेला फळाचा पदार्थ) करायला धड भट्ट्या नव्हत्या. ते झाकणाच्या जाड लोखंडी भांड्यात फळ घालायचे, वर पिठाचे गोळे टाकायचे आणि भांडं निखाऱ्यांवर ठेवायचे. अशा पदार्थाला नाजूक हात लागत नाही, पण धीर लागतो, आणि नेमका तोच कुणाकडे नसतो. अमेरिकेच्या दक्षिणेत याचे दोन मुख्य पंथ आहेत. एकात वर बिस्किटाचे गोळे येतात (चहात बुडवायचं बिस्किट नव्हे, इथलं मऊ, पावासारखं), दुसऱ्यात पातळ पीठ. मी बिस्किटवाली. पातळ पिठाबद्दल खाली सांगते, कारण त्यात लोक एकच चूक हटकून करतात.

घरी आणला की कापला

पीच लाल दिसतो म्हणून तो पिकला असं नाही. लाली हा जातीचा गुण आहे. काही जाती कच्च्या असतानाच लालबुंद होतात. बघायचं ते देठाच्या खळग्याभोवती. तिथे हिरवट झाक असेल तर थांबा, पिवळा असेल आणि वास येत असेल तर घ्या. अंगठ्याने दाबू नका. दुकानातला प्रत्येक पीच आधीच दहा जणांच्या अंगठ्यांनी डागाळलेला असतो.

हापूसची पेटी आली की आपण अढी लावून गप्प बसतो ना, तसंच इथे बसायचं. पीच झाडावरून उतरवल्यावरही पिकत राहतो. ओट्यावर, देठाची बाजू खाली, एकमेकांवर न रचता ठेवा. फारच कडक असतील तर कागदी पिशवीत. एक-दोन दिवसांत देठाजवळ किंचित मऊ लागतो आणि स्वयंपाकघरात शिरताच वास येतो.

या दोन दिवसांत मंडळी पीच फ्रिजमध्ये ठेवतात. कच्च्या पीचचं याहून वाईट काही करता येत नाही. साधारण २ ते ८ अंश सेल्सिअसच्या पट्ट्यात कच्चा पीच राहिला की त्याचा गर आतून बिघडतो, रस आटल्यासारखा होतो आणि दाताखाली ओला कापूस यावा तसा लागतो. घरचा फ्रिज बरोबर याच पट्ट्यात चालतो. असा पीच नंतर बाहेर ठेवला तरी सुधारत नाही, भाजूनही नाही. पूर्ण पिकलेला मात्र दोन-तीन दिवस फ्रिजमध्ये खुशाल ठेवा.

साल काढण्यासाठी बुडाला छोटी फुली मारायची, उकळत्या पाण्यात अर्धा ते एक मिनिट, मग बर्फाच्या पाण्यात. साल हाताने निघून येते. नाही निघाली तर पीच कच्चा आहे आणि तुम्ही वरचा परिच्छेद वाचलेला नाही. सालासकट करणारेही आहेत. करोत बापडे.

अजून एक. मे महिन्यातल्या पहिल्या पीचची कोय गराला घट्ट चिकटलेली असते, त्याच्या सुबक फोडी होतच नाहीत. कोय सहज सुटणाऱ्या जाती जूनच्या मध्यानंतर येतात आणि हंगाम ऑगस्टच्या मध्यापर्यंत चालतो. कॉब्लर तेव्हाचा. मेमधला पीच नुसता खा.

आणि जॉर्जियाचाच पीच हवा हा हट्टही नको. २०२३ मध्ये हिवाळ्यात पुरेशी थंडी पडली नाही, त्यात मार्चमध्ये हिमकडाका आला आणि राज्यातलं नव्वद टक्क्यांहून जास्त पीक गेलं. त्या वर्षी आम्ही कॅलिफोर्नियाच्या पीचवर भागवलं, कुणी तक्रार केली नाही. तसाही अमेरिकेत सर्वांत जास्त पीच कॅलिफोर्नियातच पिकतो, 'पीच स्टेट' अशी पाटी जॉर्जियाने लावलेली असली तरी.

वरचा रंग बघून ओव्हन बंद केला

ही माझी खास नावडती चूक.

४ जुलैला आमच्या इथली मराठी मंडळी कुणाच्या तरी घरी जमतात. एका वर्षी नवीन आलेल्या एका मुलाने कॉब्लर आणतो म्हणून सांगितलं. हौशी पोरगा. माणसं जास्त म्हणून त्याने सगळं प्रमाण दुप्पट केलं आणि ॲल्युमिनियमच्या खोल ट्रेमध्ये भरलं. पीच फ्रिजमधून काढलेले, गारढोण. त्यावर पिठाचा एकसंध थर, पातेल्यावर झाकण बसवल्यासारखा, वाफ जायला कुठे फट नाही. वेळ मात्र मूळ कृतीतलीच, ३५ मिनिटं. ट्रे टेबलावर आला तेव्हा वरून असा सोनेरी की लोकांनी फोटो काढले. पहिली वाटी एका आजींना दिली. त्यांनी चमच्याने थर उलटा केला, चष्मा सरकवून नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "अरे, ही तर नुसती भिजवलेली कणीक आहे रे." खालचा अर्धा इंच पांढरा, चिकट, आणि त्याखाली पीच पाण्यात पोहत होते.

"पण कृतीत ३५ मिनिटंच लिहिलं होतं," हे त्याचं म्हणणं. मला याच वाक्याचा राग येतो. कृतीतली वेळ ही दुसऱ्याच्या ओव्हनची, दुसऱ्याच्या भांड्याची. तुमच्या ट्रेमध्ये किती खोल फळ आहे हे लिहिणाऱ्याला कुठून कळणार? यजमानांच्या ओव्हनमध्ये वरून फॉइल लावून ३५० फॅरनहाइटला तो ट्रे परत ढकलला, आणि मधोमध बुडबुडे येईपर्यंत लोक श्रीखंड खाऊन घरी निघाले होते.

होतं काय, तर पिठाला वरून गरम हवा लागते म्हणून रंग लगेच येतो. खालून त्याला आच मिळते ती फळातूनच. फळ गार असेल तर पीठ तितका वेळ वाफेत नुसतं भिजत पडतं. म्हणून मी फळ आधी एकटं भाजते. साल काढलेले साधारण सव्वा किलो पीच, अर्धा कप साखर, दीड टेबलस्पून कॉर्नस्टार्च (आपल्याकडचं कॉर्नफ्लोअर), एका लिंबाचा रस, चिमूट मीठ, थोडं जायफळ. ४०० फॅरनहाइट, म्हणजे साधारण २०५ सेल्सिअस, कडेने उकळी फुटेपर्यंत, पंधराएक मिनिटं. मग त्या उकळत्या फळावर पिठाचे गोळे टाकायचे, मधे मधे बोटभर जागा सोडून. पुन्हा ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटं. फळाचा थर दोन इंचांपेक्षा खोल नको. माणसं जास्त असतील तर दोन ट्रे करा.

झालं की नाही हे मी दोन ठिकाणी बघते. मधोमध बुडबुडे यायला हवेत, तेही दाट, सावकाश फुटणारे. कडेचे बुडबुडे फसवे असतात. मग अगदी मधला गोळा चमच्याने उचलून त्याची खालची बाजू बघायची. तो एक गोळा जरा वाकडा दिसेल. दिसू दे. थर्मामीटर असेल तर गोळ्याच्या आत २०० फॅरनहाइट, म्हणजे ९३ सेल्सिअस. वरून रंग आधीच चढला तर फॉइल टाका, पण बाहेर काढू नका.

पाणी पाणी

निम्म्या वेळा कारण वरचंच असतं. कॉर्नस्टार्च उकळीला आल्याशिवाय रस धरत नाही, त्यामुळे मधे उकळी आली नाही तर घातलेलं सगळं वाया. यावर लोक पुढच्या खेपेला कॉर्नस्टार्च दुप्पट करतात आणि मग पीचची खळ तयार होते.

उरलेल्या निम्म्या वेळा पीचच फार रसाळ असतात. अशा वेळी मी फोडींना साखर लावून अर्धा तास ठेवते, सुटलेला रस गाळून छोट्या पातेल्यात निम्मा होईपर्यंत आटवते आणि परत फोडींवर ओतते. हा रस सिंकमध्ये ओतून देणारे लोक मी पाहिले आहेत. पीचची सगळी चव त्यात असते हो.

आणि बाहेर काढल्या काढल्या वाढू नका. अर्धा-पाऊण तास बसू दे, रस तेव्हाच मिळून येतो. मुलं ओट्याभोवती घिरट्या घालतात, घालू द्या.

पातळ पिठाचा कॉब्लर ढवळला

हा एक-एक कपाचा हिशोब: एक कप मैदा, एक कप साखर, एक कप दूध, दोन चमचे बेकिंग पावडर, चिमूट मीठ. बटर भांड्यात घालून ओव्हनमध्येच वितळवायचं, त्यावर पीठ ओतायचं, पिठावर फळ पसरायचं आणि हात मागे घ्यायचा. ढवळायचं नाही. पीठ फुगत फुगत फळाला वेढून वर येतं, कडा बटरमध्ये कुरकुरीत होतात, हीच यातली गंमत. पण बटर वर तरंगताना दिसलं की आपल्या माणसाचा चमचा आत गेलाच म्हणून समजा. मग तो फळाचा ओलसर केक होतो. वाईट लागत नाही, पण मला "कॉब्लर का नाही झाला" विचारू नका.

बाकीच्या, भराभर

बेकिंग पावडर जुनी. चमचाभर घेऊन गरम पाणी ओता, फसफसली नाही तर फेका.

बिस्किटासाठी बटर फ्रिजमधलं कडक हवं, चण्याएवढे तुकडे पिठात दिसत राहायला हवेत. मळायचं नाही. पोळीच्या कणकेसारखं मळलंत तर पोळीसारखंच लागेल.

इथलं बटरमिल्क दाट असतं. त्याऐवजी आपलं पातळ ताक ओतू नका, दह्यात थोडं दूध घालून सारखं करा.

अमेरिकी कृतीतली बटरची एक कांडी म्हणजे ११३ ग्रॅम. पुण्या-मुंबईत अमूलचं १०० ग्रॅमचं पाकीट घेत असाल तर थोडं कमी पडेल, आणि ते खारट असतं, वेगळं मीठ नको.

काचेचं भांडं फ्रिजमधून थेट तापलेल्या ओव्हनमध्ये नको, तडकतं. खालच्या कप्प्यात एक ट्रे ठेवा, रस उतू जातोच. नंतर जळलेली साखर खरवडायची हौस असेल तर नका ठेवू.

वेलची-केशर घालून 'फ्यूजन' नको. जायफळ इथलेही घालतात, तेवढं पुरे.

डबाबंद पीच चालतात, त्यात कमीपणा काही नाही. १३ एप्रिलला अमेरिकेत पीच कॉब्लर दिन साजरा होतो, तेव्हा जॉर्जियात झाडावर पिकलेला पीच नसतोच. पाक पूर्ण निथळून टाका आणि साखर निम्मी करा. गोठवलेले पीच आधी पूर्ण सुटू द्या.

भारतात ओटीजीवर करणाऱ्यांनी भांडं खालच्या कप्प्यात ठेवावं. वरची कांडी इतकी जवळ असते की दहा मिनिटांत रंग चढतो आणि मग सगळं ४ जुलैसारखं होतं. हिमाचल-उत्तराखंडचे पीच बाजारात येतात ते बरेचदा कडक आणि आंबट असतात. त्यांना ओट्यावर जास्त दिवस द्या, लिंबू निम्मं करा.

उरलेला कॉब्लर मायक्रोवेव्हमध्ये गरम केला तर वरचं बिस्किट ओल्या पावासारखं होतं. ३०० फॅरनहाइटला ओव्हनमध्ये पंधरा मिनिटं ठेवा. आमच्या घरी सकाळी फ्रिजसमोर उभं राहून गारच खातात, वर थोडं साधं दही घालून. आइस्क्रीमपेक्षा मला तेच आवडतं.