पक्ष्यांच्या फोटोंसाठी स्वस्तात कॅमेरा घेताय? बेळगाव भागात हमखास होणाऱ्या या चुका टाळा

दिवाळी झाली की ओळखीतले चार-पाच जण तरी विचारतात, "पन्नास हजार बाजूला काढलेत, कुठला कॅमेरा घेऊ?" मी आधी त्यांनाच विचारतो, "रविवारी सकाळी जाणार कुठे? हिडकलला की जांबोटीला?" बऱ्याच जणांना वाटतं मी विषय टाळतोय. पण या उत्तरावरच सगळी खरेदी ठरते, आणि त्याचा विचार न करता पैसे घालवणं हीच आपल्याकडची सगळ्यात महाग चूक आहे.

बेळगावच्या दोन बाजूंना दोन वेगळी जगं आहेत. एका बाजूला हिडकलचा जलाशय, गोकाक, धूपदाळचा बंधारा आणि घटप्रभेचं पक्षी अभयारण्य. उघडं पाणी, माळ, लख्ख ऊन, आणि पक्षी लांब. थंडीत मध्य आशियातून कांड्या करकोचे येतात, ते काठापासून इतके दूर उतरतात की नुसत्या डोळ्यांना राखाडी ठिपक्यांची रांग दिसते. दुसऱ्या बाजूला खानापूरच्या पुढे जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, भीमगड. इथं पक्षी दहा-पंधरा मीटरवर येऊन बसतो, पण सकाळी नऊ वाजतासुद्धा झाडाखाली संध्याकाळ असते. पूर्वेला तुम्हाला मिलिमीटर लागतात, म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स, पश्चिमेला उजेड गोळा करणारी लेन्स लागते. दोन्ही एकात देणारी लेन्स बाजारात आहे, पण तिच्या किमतीत चांगली चारचाकी येते.

"जास्त झूम म्हणजे जास्त चांगलं"

हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. क्रॉप सेन्सरच्या, म्हणजे फोटो टिपणारा सेन्सर पूर्ण आकाराहून लहान असलेल्या कॅमेऱ्यावर ४०० मिलिमीटरची लेन्स लावली आणि पक्षी २० मीटरवर असेल, तर चौकटीत साधारण ११७ सेंटिमीटर रुंदीची जागा मावते. आपला छोटा खंड्या चोचीसकट १६ सेंटिमीटरचा. म्हणजे तो चौकटीचा सातवा हिस्साच व्यापणार. ६०० मिलिमीटर लावली की ती जागा ७८ सेंटिमीटर होते. चांगला फरक आहे, नाही म्हणत नाही. पण तीच ४०० घेऊन तुम्ही दहा मीटरवर पोहोचलात तर जागा ५९ सेंटिमीटर होते, म्हणजे ६०० वाल्याच्या पुढे गेलात. त्यासाठी लागतो एक मळकट खाकी शर्ट, अर्धा तास न हलता बसायची तयारी, आणि पक्षी रोज कुठल्या फांदीवर येतो ही माहिती. खंड्या फांदी सहसा बदलत नाही. आज उडाला तरी उद्या सकाळी तिथेच सापडतो.

झूमच्या हव्यासातली सगळ्यात वाईट खरेदी म्हणजे स्वस्त दुप्पट टेलिकन्व्हर्टर, म्हणजे लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मध्ये बसणारी, पल्ला वाढवणारी जोडलेन्स. मी ती केली होती. ३०० ची जुनी लेन्स, एफ ५.६ वाली, त्यावर २ एक्स कन्व्हर्टर, म्हणजे ६०० झाली असं समजून धूपदाळ गाठलं. कन्व्हर्टर दुप्पट करताना उजेड चौपट खातो. एफचा आकडा वाढला की उजेड कमी, आणि इथं एफ ५.६ चं एफ ११ झालं. त्या काळातल्या बहुतेक डीएसएलआरचा ऑटोफोकस एफ ५.६ पर्यंतच भरवशाचा, काही बरे कॅमेरे एफ ८ पर्यंत जातात. त्या दिवशी लेन्स नुसती पुढे-मागे घरघरत राहिली, आणि करकोच्यांचा थवा डोक्यावरून ओरडत निघून गेला. त्यांचा तो आवाज मला आजही जसाच्या तसा आठवतो, फोटो मात्र एकही नाही.

हाच हिशेब नव्या मिररलेस, म्हणजे डीएसएलआरसारखा आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या लेन्सनाही लावा. कॅननच्या आरएफ ६०० आणि ८०० एफ ११ या २०२० मध्ये आलेल्या लेन्स हलक्या आहेत, त्या पल्ल्याच्या मानाने स्वस्त आहेत, आणि मिररलेसवर एफ ११ लाही फोकस नीट धरतात. हिडकलच्या उन्हात मी त्या कुणालाही सुचवीन. पण आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, जितकी वाढवाल तितका फोटो दाणेदार; जांबोटीत जिथं एफ ५.६ ला आयएसओ ३२०० लागतो, तिथं एफ ११ ला १२८०० लागेल. स्वर्गीय नर्तकाची पांढरी शेपटी त्यात राखेसारखी दिसते.

बॉडीवर पैसे, लेन्सवर काटकसर

शोरूममध्ये नवीन बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, चकाकते, तिच्या नावात आकडे मोठे असतात, आणि घरच्यांना दाखवायलाही बरी वाटते. मग सोबत आलेल्या किट लेन्सवर वर्ष जातं. उलटं करा. पन्नास हजारांतले पस्तीस लेन्सला द्या.

वापरलेल्या बाजारात आजही निकॉन डी ७२०० आणि कॅनन ८० डी या माझ्या मते सगळ्यात समजूतदार बॉडी आहेत. दोन्हींना ऑटोफोकसची बारीक दुरुस्ती करायची, म्हणजे लेन्सचा फोकस किंचित पुढे-मागे पडत असेल तर तो कॅमेऱ्यातूनच जुळवायची सोय आहे. निकॉनच्या डी ५६०० किंवा कॅननच्या २०० डी मध्ये ती नाही, आणि वापरलेली लेन्स घेणाऱ्याला तीच सोय सगळ्यात जास्त उपयोगी पडते. पैसे थोडे जास्त असतील तर निकॉनचा डी ५०० किंवा कॅननचा ७ डी मार्क टू, दोन्ही सेकंदाला दहा फोटो काढतात. मात्र डी ५०० चा एक कप्पा एक्सक्यूडी कार्डाचा आहे आणि ते कार्ड महाग पडतं. दुसऱ्या कप्प्यात साधं एसडी चालतं, सुरुवातीला तेवढ्यावर भागवा.

लेन्समध्ये सुरुवात कॅननच्या ५५-२५० एसटीएमपासून केली तरी हरकत नाही. वापरलेली दहा हजारांच्या आसपास मिळते, हलकी आहे, आणि जंगलात जवळच्या पक्ष्यांना पुरते. त्यापुढे टॅमरॉन किंवा सिग्माची १५०-६००. सिग्माची कंटेम्पररी, म्हणजे तिची हलकी आवृत्ती, १९३० ग्रॅमची, निकॉनची २००-५०० त्याहून जड, कॉलरसकट २३०० ग्रॅम. हे आकडे दुकानात किरकोळ वाटतात. वैजनाथच्या डोंगराच्या चढावर सकाळभर गळ्यात घेऊन फिरा, मग मान सांगते.

निकॉन घेणाऱ्यांसाठी एक सापळा आहे. डी ३५०० किंवा डी ५६०० सारख्या बॉडीत फोकसची मोटर नसते, त्यामुळे स्वतःची मोटर नसलेल्या जुन्या एएफ-डी लेन्स बसतात पण फोकस हातानेच करावा लागतो. आणि याच्या उलट, नव्या स्वस्त एएफ-पी लेन्स डी ९० सारख्या जुन्या बॉडीवर फोकसच करत नाहीत. दोन्हीही वापरलेल्या बाजारात संशय यावा इतक्या स्वस्त मिळतात. लेन्स बसली म्हणजे चालली असं समजू नका, तुमची बॉडी सोबत नेऊन लावून बघा.

ब्रिज कॅमेऱ्याला, म्हणजे न निघणारी लांब झूम लेन्स असलेल्या कॅमेऱ्याला, मी कमी लेखत नाही. निकॉन पी ९०० (२०१५) २००० मिलिमीटरइतका पल्ला देतो, आणि त्याच पल्ल्याच्या पी ९५० मध्ये रॉ फाइल, म्हणजे नंतर सुधारता येणारी कच्ची फाइलही मिळते. माळावरचे, पाण्यावरचे पक्षी ओळखायला आणि नोंद ठेवायला यासारखं साधन नाही. पण त्याचा सेन्सर क्रॉप सेन्सरच्या तेराव्या हिश्श्याएवढा आहे. उडणारा पक्षी आणि घाटातला अंधार, दोन्ही त्याच्याकडून मागू नका.

वापरलेली लेन्स हातात घेतल्यावर

परगावच्या विक्रेत्याने पाठवलेल्या फोटोंवर विश्वास ठेवून मी एक लेन्स कुरिअरने मागवली होती. बाहेरून नवी कोरी. घरी टॉर्च मारला तर आतल्या काचेच्या कडेला कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू. बुरशी. फोटोत ती दिसत नाही, कारण ती तिरक्या उजेडातच दिसते. म्हणून अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि पुढून बघा. धुळीचे चार कण असतील तर सोडून द्या, तंतू किंवा धुरकट पट्टा दिसला तर लेन्स परत ठेवा. कितीही स्वस्त असो.

मग लेन्स बॉडीला लावून जवळच्या आणि लांबच्या वस्तूवर आलटून पालटून वीस वेळा फोकस करा. कान द्या. अडखळणारा, दळल्यासारखा आवाज म्हणजे मोटरचा खर्च. झूम रिंग सगळीकडे सारखी फिरते का, हाताची थरथर रोखणारा स्टॅबिलायझर चालू केल्यावर चौकट स्थिरावते का, तेही बघा. बॉडी असेल तर शटर किती वेळा उघडला ते तपासा. डी ७२०० चा शटर दीड लाख वेळा उघडण्यासाठी तपासलेला, डी ५०० आणि ७ डी मार्क टू चा दोन लाख वेळांसाठी. दीड लाख झालेली बॉडी लगेच बंद पडेल असं नाही, पण किंमत त्या हिशेबाने पाडून मागा.

"लेन्स खराब आहे, फोटो मऊ येतो"

ही तक्रार घेऊन जो येतो त्याला मी आधी फोटो किती वाजता काढला ते विचारतो. हिडकलच्या पाण्यावर दहानंतर हवा तापून थरथरायला लागते. शंभर मीटर पलीकडचं बदक त्या हवेतून काढलं की लाखाची लेन्सही पिसं दाखवू शकत नाही. तोच फोटो सकाळी सात वाजता काढून बघा. लेन्स सुधारलेली दिसेल.

मग शटर स्पीड. बसलेल्या पक्ष्याला सेकंदाच्या ५०० व्या भागाच्या आसपास, उडणाऱ्याला किमान २००० व्या भागाचा वेग ठेवा. स्टॅबिलायझर तुमचा हात थांबवतो, पक्ष्याची मान थांबवत नाही. आयएसओ वाढेल म्हणून घाबरून वेग कमी ठेवणं ही नवशिक्यांची नेहमीची चूक. दाणेदार फोटो नंतर सुधारता येतो, हललेला नाही.

तिसरी गोष्ट, लेन्ससोबत फुकट मिळालेला यूव्ही फिल्टर. लांब पल्ल्याच्या लेन्सवर ती स्वस्त काच स्पष्टपणा खाते. काढून ठेवा, संरक्षणासाठी हूड पुरेसा आहे.

एवढं करूनही संशय असेल तर भिंतीवर वर्तमानपत्राचं पान चिकटवा, दहा मीटरवरून कॅमेरा पक्का टेकवून दहा फोटो काढा, दर वेळी फोकस बिघडवून पुन्हा करा. मग एक फूटपट्टी तिरकी ठेवून मधल्या आकड्यावर फोकस करा. दर वेळी पुढचा किंवा मागचाच आकडा स्पष्ट येत असेल तर लेन्स-बॉडीचं जुळत नाही, आणि ते वर सांगितलेल्या बारीक दुरुस्तीतून बहुधा जमतं. काही वेळा पुढे, काही वेळा मागे असं होत असेल तर मात्र लेन्स दुरुस्तीला द्या.

ट्रायपॉडचा आग्रह

हलका, दोन हजारांचा ट्रायपॉड १५०-६०० खाली वेलीसारखा डुलतो. त्यापेक्षा बीनबॅग शिवून घ्या. माझी बेळगावच्या शहापुरातल्या एका शिंपीमामांनी जुन्या जीन्सच्या दोन पायांतून शिवली. कापड बघून म्हणाले, "एवढं जाड हाय, सुई मोडतंय की ओ सर. आणि ह्यात भरणार काय?" मी तांदूळ म्हटल्यावर त्यांनी मान हलवली, "भिजलं की वास मारतंय. चेन लावून देतो, घरी आल्यावर रिकामं करत जावा." त्या चेनमुळे ती पिशवी आजवर टिकली आहे. कोरड्या दिवसांत दोन किलो तांदूळ, पावसाळ्यात त्याऐवजी प्लास्टिकचे दाणे. गाडीची काच खाली करून दारावर ती पिशवी ठेवली, इंजिन बंद केलं की धूपदाळच्या रस्त्यावर वेडे राघू सात-आठ मीटरवर येऊन बसतात. गाडीला ते भीत नाहीत, माणसाच्या आकाराला भितात.

आणि जवळ जाण्यासाठी घरटं हा सोपा मार्ग समजू नका. मोबाइलवर आवाज लावून पक्षी बोलावू नका. फोटोसाठी बाजूला सारलेल्या फांदीमुळे पिल्लं उन्हात आणि कावळ्याच्या नजरेत येतात. मी अशी दोन घरटी रिकामी झालेली पाहिली आहेत आणि त्या जागी मला आता कॅमेरा काढवत नाही. भीमगड अभयारण्य आहे, तिथं वन खात्याच्या परवानगीशिवाय आत शिरू नका.

जूनच्या आधीची तयारी

कणकुंबी-जांबोटीचा पाऊस तुमच्या लेन्ससाठी खरा शत्रू आहे. कॅमेऱ्याची बॅग ही वाहून न्यायची वस्तू आहे, ठेवायची नाही. तिचा फोम ओल धरून ठेवतो, आणि जुलैत कपाटात बंद केलेली लेन्स ऑक्टोबरात बुरशी घेऊन बाहेर येते. विजेची ड्राय कॅबिनेट परवडत नसेल तर भांड्यांच्या दुकानातला घट्ट झाकणाचा, रबर असलेला डबा घ्या. आत अर्धा किलो सिलिका जेल, जाळीदार कापडात बांधून, आणि काही शेकड्यांत मिळणारं आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. त्याहून फार खाली गेला तरी रबराचे भाग कोरडे पडतात, म्हणून जेलचा ढीग करू नका.

जेल शक्यतो नारिंगी रंगाचं घ्या, ओल शोषली की ते हिरवट होतं. निळं जेल गुलाबी होतं, पण त्यात कोबाल्ट असतं, त्यामुळे ते स्वयंपाकघरात नकोच. हिरवट झालेलं जेल जुन्या, वेगळ्या ठेवलेल्या तव्यावर मंद आचेवर हलवत राहा, रंग परत आला की झाकून थंड करा आणि मगच डब्यात टाका. गरम जेल टाकलं तर डब्यातच वाफ धरते. पावसात फिरून आलात की लेन्स लगेच डब्यात नको. आधी कोरड्या सुती कापडाने पुसा, पंख्याखाली रात्रभर झाकणं काढून ठेवा, सकाळी डब्यात.