नातवाच्या बोलांची वही कशी ठेवावी

माझा नातू दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. त्याचे आई-बाबा सकाळीच हिंजवडीला जातात आणि संध्याकाळपर्यंत कोथरूडच्या घरात आम्ही दोघंच असतो. तो काय काय बोलतो ते मी वर्षभर लिहून ठेवते आहे. तुमच्या घरातही असं बोलू लागलेलं मूल असेल तर अशी वही जरूर करा.

शंभर पानी साधी वही पुरते, पण ती कपाटात ठेवू नका. माझी वही ओट्याशेजारी खिळ्याला टांगलेली असते, दोऱ्याला बॉलपेन बांधून. पोळी तव्यावर असली तरी गॅस बारीक करायचा आणि आधी लिहून घ्यायचं. दहा मिनिटांनी त्याचं म्हणणं आठवतं, पण शब्द निसटलेला असतो, आणि आपल्याला हवा असतो तो शब्दच. ‘थंदी’ म्हणाला तर ‘थंदी’ लिहा. आपल्या लिपीत जसं ऐकलं तसं उतरवता येतं, ही केवढी सोय आहे!

तारीख आणि वय तर घालाच, शिवाय तो तेव्हा काय बघत होता तेही लिहा. नुसतं ‘नळ कुथे?’ वाचून पुढे कुणाला काही कळणार नाही. आम्ही वनाजहून मेट्रोने गरवारे कॉलेजला निघालो होतो. ‘नळ स्टॉप आलं बघ,’ म्हटल्यावर तो काचेला नाक लावून खरोखरचा नळ शोधत होता. एवढं शेजारी लिहिलं की सगळं परत डोळ्यांपुढे येतं.

सगळ्यात जपून टिपा त्याच्या चुका. ‘मी करलं!’ असं आमच्या घरात कुणीच म्हणत नाही. मग हे आलं कुठून? बसलं, पडलं, उठलं हे ऐकून ऐकून त्याने स्वतःच नियम काढला आणि ‘कर’ला लावून टाकला. एवढ्याशा डोक्यात व्याकरण तयार होत असतं, याचं मला अजून नवल वाटतं. अशा वेळी ‘करलं नाही, केलं म्हण’ असं टोकू नका. ‘हो रे, तू केलंस!’ म्हणा. बरोबर रूप कानावर पडतं आणि त्याची खुशीही तशीच राहते. दिवसभर माझंच ऐकतो म्हणून तो ‘मी जाते, मी खाते’ म्हणतो. पाहुण्यांपुढे ‘म्हणून दाखव ना’ असा आग्रह मात्र कधीही करू नये. मी एकदा केला होता, तर तो सोफ्यामागे जाऊन बसला.

आणि थांबायला शिका. थंडीत सारसबागेतल्या गणपतीला स्वेटर आणि टोपी घालतात. ते बघायला नेलं तर हा कितीतरी वेळ नुसता बघत उभा राहिला. मीही काही विचारलं नाही. रिक्षात बसल्यावर म्हणाला, ‘बाप्पाच्या आजीने विनला?’ त्याचा स्वेटर मी विणलाय ना! घरी आल्यावर देवघरातल्या बाळकृष्णाला त्याने स्वतःचा मोजा चढवला. मला हसू फुटत होतं, पण त्याचा चेहरा फार गंभीर होता. तो हसला तर हसायचं, हा माझा नियम. ‘आता ऊब आली हो बाळकृष्णाला,’ म्हटलं आणि रात्रभर मोजा तसाच राहू दिला.

एक काळजीची गोष्ट. दोन वर्षं झाली तरी ‘पाणी दे’सारखे दोन शब्द मूल जोडत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि कान तपासून घ्या. ‘बोलेल सावकाश’ म्हणत बसू नका.

वहीचं डावं पान मी कोरं ठेवते. संध्याकाळी सून आणि मुलगा त्यांनी ऐकलेलं तिथे लिहितात. एखादा शब्द पहिल्यांदा आला की तारीख घालतोच, तशी तो बंद झाला की तीही घाला. ‘करलं’ गेल्या पंधरवड्यात एकदाही आलं नाही, आता ‘केलं’ म्हणतो. ‘मी जाते’ अजून आहे. पण परवा बाबा चपला घालत होता तेव्हा दारातून ओरडला, ‘मी पन येतो!’ आणि मग माझ्याकडे वळून, ‘आजी, मी जाते हं.’