लाकडावरच्या बॉयलरची देखभाल: नव्या अटेंडंटसाठी काही अनुभव

इचलकरंजीच्या सायझिंगमध्ये ताण्याच्या सुताला लावायची खळ शिजवण्यासाठी आणि खळ लागलेले सूत सिलिंडरवर वाळवण्यासाठी वाफ लागते आणि ती वाफ अनेक ठिकाणी लाकडावर किंवा ब्रिकेटवर (भुसा दाबून केलेल्या ठोकळ्यांवर) चालणाऱ्या बॉयलरमधून येते. या बॉयलरवर मदतनीस म्हणून रुजू होणाऱ्या मुलांना तयार करण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे. त्यांनी सर्वांत आधी समजून घ्यायची गोष्ट अशी की, तेलाचा किंवा गॅसचा बर्नर बटण दाबताच विझतो, लाकडाची भट्टी तशी विझत नाही. वीज गेली की बॉयलरला पाणी देणारा फीड पंप आणि भट्टीतला धूर चिमणीकडे ओढणारा आयडी फॅन एकदमच थांबतात, परंतु निखाऱ्यांचा थर पाण्याला उष्णता देतच राहतो. त्यामुळे या बॉयलरची देखभाल बिघाड झाल्यावर करायची नसते. ती आग पेटलेली असताना रोज, ठरलेल्या वेळी करायची असते आणि तिच्यात पाण्याचा मान आगीच्या आधी असतो.

पाळी हाती घेताना लॉगबुकवर सही करण्याआधी बॉयलरमधल्या पाण्याची पातळी दाखवणाऱ्या दोन्ही काचा, म्हणजे गेज ग्लास, तपासाव्यात. काचेत पाणी दिसते म्हणजे बॉयलरमध्ये पाणी आहे, असे धरून चालू नये, कारण गाळाने खालचा मार्ग तुंबला असेल तर काचेत जुनेच पाणी उभे राहते. प्रथम ड्रेन कॉक उघडावा; मग वाफेचा कॉक बंद करून पाणी जोरात बाहेर येते का पाहावे; त्यानंतर वाफेचा कॉक उघडून पाण्याचा बंद करावा आणि वाफ मोकळी येते का पाहावे. शेवटी ड्रेन बंद करून पाण्याचा कॉक उघडला की पातळी झटकन वर आली पाहिजे. ती रेंगाळत चढत असेल, तर मार्ग तुंबू लागला आहे हे ओळखावे आणि त्याच पाळीत वरिष्ठांना कळवावे. तपासूनही काचेत पाणी दिसले नाही, तर पंप मुळीच सुरू करू नये. तापून लाल झालेल्या पत्र्यावर थंड पाणी पडणे हे पाणी नसण्यापेक्षा अधिक घातक आहे. अशा वेळी भट्टीखालची हवा बंद करावी, नवे लाकूड घालू नये, निखाऱ्यांवर ओली राख पसरावी आणि सेफ्टी व्हॉल्व्हला हात न लावता बॉयलर आपोआप थंड होऊ द्यावा.

पाण्याच्या गुणवत्तेबाबत नवख्यांचा एक गोंधळ मी नेहमी पाहतो. सॉफ्टनर पाण्याचा जडपणा काढतो. पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, तो कमी करत नाही. त्यामुळे तपासण्या दोन आणि उपायही दोन. जडपणासाठी नमुन्यात किटमधली गोळी टाकावी: पाणी निळे झाले तर ठीक, लालसर जांभळे झाले तर सॉफ्टनरमधले रेझिन मिठाच्या पाण्याने पुन्हा ताजे करण्याची (रिजनरेशनची) वेळ झालेली आहे. टीडीएससाठी बॉयलरच्या आतल्या पाण्याचा नमुना थंड करून मीटरने मोजावा आणि त्यानुसार ब्लोडाऊन द्यावा, म्हणजे क्षार साठलेले थोडे पाणी बाहेर सोडावे. शेल बॉयलरला, म्हणजे मोठ्या पिंपासारख्या कवचात पाणी असलेल्या बॉयलरला, साधारणपणे ३५०० पीपीएम ही वरची मर्यादा मानतात. केवळ सवयीने दर पाळीला ब्लोडाऊन देणाऱ्याचे एकतर गरम पाणी वाया जाते, नाहीतर क्षार साठतात. सिलिंडरमधून परत येणारे कंडेन्सेट (वाफेचे झालेले गरम पाणी) फीड टाकीत घेण्याची व्यवस्था असेल, तर ती कटाक्षाने चालू ठेवावी. फीडचे पाणी ६ अंशांनी जास्त गरम मिळाले तर जळणात सुमारे १ टक्का बचत होते, शिवाय गरम पाण्यात ऑक्सिजन कमी राहत असल्याने भट्टीतला धूर ज्यातून जातो त्या ट्यूबना पाण्याच्या बाजूने खड्डे पडण्याचे प्रमाणही घटते.

आगीच्या बाजूचे निम्मे काम लाकडाच्या थप्पीवरच होते. ओले लाकूड स्वस्त पडते म्हणून घेणाऱ्या मालकांना हे पटवणे अवघड जाते, पण त्यातल्या प्रत्येक किलो पाण्याची वाफ करून ती चिमणीतून बाहेर घालवायला ६०० किलोकॅलरीहून अधिक उष्णता खर्च होते. तोटा तेवढ्यावर थांबत नाही. ओल्या लाकडाने भट्टी थंड राहते, ज्वलन अर्धवट होते आणि ट्यूबमध्ये डांबरासारखा चिकट थर बसतो, जो साध्या ब्रशने निघत नाही. म्हणून लाकूड फोडून, जमिनीपासून उचलून, वरून झाकलेले पण बाजूंनी वारा लागेल असे रचावे आणि जुनी थप्पी आधी वापरावी. मातीने माखलेली मुळे भट्टीत घालू नयेत, कारण ती माती आणि राख वितळून जाळीवर क्लिंकर, म्हणजे दगडासारखे कडक ढेकूळ, धरते आणि खालून येणारी हवा अडते.

ट्यूब केव्हा साफ करायच्या हे कॅलेंडरपेक्षा चिमणीचे तापमान अधिक खरे सांगते. साफ केल्यानंतर पूर्ण लोडवर असलेले तापमान लॉगबुकात लिहून ठेवावे. तेवढ्याच लोडवर ते २२ अंशांनी वाढले, तर जवळपास १ टक्का कार्यक्षमता गेली असे समजावे. मात्र हे वाढलेले तापमान ट्यूबवर पाण्याच्या बाजूने बसलेल्या जड पाण्याच्या खपलीमुळेही असू शकते. ब्रश मारूनही ते खाली आले नाही, तर सॉफ्टनरची नोंद पाहावी.

भट्टीचे दार उघडण्याची पद्धत मी प्रत्येकाकडून समोर करून घेतो. आयडी फॅन चालू असल्याची खात्री करावी, दाराच्या समोर नव्हे तर बिजागरीच्या बाजूला उभे राहावे, दार आधी बोटभर उघडून क्षणभर थांबावे आणि मगच पूर्ण उघडावे. ड्राफ्ट, म्हणजे चिमणीकडची ओढ, नसताना साठलेला वायू दारातून येणाऱ्या हवेने एकदम पेट घेतो आणि ज्वाळा थेट बाहेर येते. वीज गेल्यावर फॅन थांबलेलाच असतो, म्हणून तेव्हा बाजूला उभे राहणे आणि दार आधी बोटभरच उघडणे हे विशेष पाळावे.

सूत बाजार मंदावला की सायझिंग काही दिवस बंद राहते आणि हा काळ बॉयलरच्या दृष्टीने सर्वांत वाईट ठरतो. लाकडाची राख हवेतली ओल ओढून घेते आणि ती ओली राख ट्यूबचे लोखंड खाते, विशेषतः पावसाळ्यात. त्यामुळे बॉयलर थंड झाल्यावर लगेच ट्यूब आणि भट्टी कोरडी झाडून घ्यावी. बंद लांबणार असेल तर आतले पाणी पूर्ण काढून, बॉयलर वाळवून, ट्रेमध्ये चुनकळी ठेवून मॅनहोल (माणूस आत उतरण्याचे तोंड) बंद करावे आणि चुनकळी फुटून पीठ झाली की बदलावी.

वार्षिक तपासणीसाठी बाष्पके संचालनालयाचे निरीक्षक येण्याआधी मॅनहोल आणि मडहोल (गाळ काढण्याचे तोंड) उघडून आतला गाळ व खपली काढावी लागते. आत उतरण्यापूर्वी बॉयलर पूर्ण थंड झालेला असावा, स्टीम व्हॉल्व्ह बंद करून त्याला कुलूप घातलेले असावे, आत मोकळी हवा खेळती असावी, दिवा २४ व्होल्टचा असावा आणि बाहेर एक माणूस सतत उभा असावा. यातली एकही अट अपुरी असेल, तर मालकाने कितीही घाई केली तरी नकार द्यावा. निघालेल्या खपलीचा तुकडा फेकून न देता त्याची जाडी आणि तो कुठे मिळाला हे लिहून ठेवावे. मागच्या वर्षापेक्षा ती वाढली असेल, तर दोष पाणीप्रक्रियेत शोधावा.

बॉयलर सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्याच ताब्यात असावा, हा १९२३ च्या जुन्या कायद्यातला दंडक त्याची जागा घेणाऱ्या २०२५ च्या कायद्यातही कायम आहे. त्यामुळे मदतनीस म्हणून काम करतानाच द्वितीय श्रेणी अटेंडंटच्या परीक्षेची तयारी सुरू करावी आणि कामाच्या अनुभवाचा दाखला नोकरी बदलण्याआधी मालकाकडून बॉयलरच्या नोंदणी क्रमांकासह घ्यावा, कारण जुना कारखाना बंद पडल्यावर तो मिळवताना मुलांची फार ओढाताण होते.