उशाशी घड्याळ-रेडिओ घेताय? या चुका टाळा

घड्याळ-रेडिओ आपण घेतो दुकानातल्या लख्ख उजेडात, उभं राहून, पूर्ण जागे असताना. वापरतो मात्र अंधारात, आडवं पडून, अर्धवट झोपेत. घेतानाच्या बहुतेक चुकांचं मूळ हेच. दुकानात आवाज किती घुमतो आणि दिवे किती रंगांचे लागतात हे आपण बघतो. रात्री तीनला लाईट गेली तर सकाळी पाचचा गजर होईल का, हे विचारायचं राहून जातं.

नाशिकमध्ये ही वस्तू आजही कामाची आहे. सातपूर-अंबडच्या पहिल्या पाळीला निघणारे, सकाळी सातच्या सुमाराला नाशिकरोडहून पंचवटी एक्सप्रेस पकडणारे, थंडीत पहाटे उठून द्राक्षबागेत शेकोट्या पेटवायला जाणारे निफाड-दिंडोरीकडचे बागायतदार, या सगळ्यांचा दिवस गजराने सुरू होतो. मोबाईल रात्री बेडरूमबाहेर ठेवायचा निर्णय घेतलेली घरंही आता दिसतात, आणि तो निर्णय टिकायचा असेल तर उशाशी दुसरं काहीतरी भरवशाचं लागतंच.

रेडिओ आहे आणि गजरही आहे, म्हणजे गजराला रेडिओ लागेल असं धरून चालू नका

सगळ्यात जास्त फसगत इथे होते. बाजारात आणि ऑनलाइन 'क्लॉक रेडिओ' म्हणून जे विकलं जातं, त्यातले बरेचसे खरं तर ब्लूटूथ स्पीकर असतात. समोर घड्याळ बसवलेलं असतं आणि आत एफएमची चिप असते. एफएम लागतं, गजरही होतो. पण गजर म्हणून फक्त ठरावीक टूं-टूं वाजतं. आकाशवाणी लावून जागं करायची सोयच त्यात नसते. काही सेट बंद करून पुन्हा चालू केले की मोठ्या आवाजात इंग्रजी बाईचा आवाज 'ब्लूटूथ मोड' असं जाहीर करतो. शेजारी तान्हं बाळ झोपलेलं असेल तर या एका कारणासाठी तो सेट परत करावा लागेल. एफएमसाठी चार्जिंगची केबल लावून ठेवावी लागते, कारण तीच अँटेना असते. आणि हवं ते स्टेशन आठवणीत राहत नाही, दर वेळी शोध नव्याने.

म्हणून दुकानदाराला नेमकं विचारा: गजराच्या वेळी रेडिओ आपोआप सुरू होतो का? तोंडी 'हो' वर थांबू नका. समोरच दोन मिनिटं पुढचा गजर लावायला सांगा आणि थांबून बघा. ऑनलाइन घेत असाल तर माहितीपुस्तिका आधी उघडून गजराचं पान वाचा. तिथे 'बझर' आणि 'रेडिओ' असे दोन पर्याय दिलेले असले तरच पुढे जा.

लाईट गेल्यावर काय होतं, हे न विचारता घेणं

विजेवर चालणाऱ्या सेटची लाईट क्षणभर गेली, तरी बॅकअप नसेल तर आकडे १२:०० वर येऊन लुकलुकत राहतात. सकाळी कळतं तेव्हा उशीर झालेला असतो. पावसाळ्यात, किंवा एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात रात्री लाईट जाणं आपल्याकडे नवीन नाही. तेव्हा हा मुद्दा आवाजापेक्षा आणि रंगापेक्षा कितीतरी वरचा.

खोक्यावर 'बॅटरी बॅकअप' एवढंच लिहिलेलं असतं आणि त्याचे अर्थ वेगवेगळे निघतात. बऱ्याच सेटमध्ये सीआर २०३२ हा बटन सेल असतो. तो फक्त वेळ आणि गजराची वेळ लक्षात ठेवतो; आकडे दिसत नाहीत आणि लाईट नसताना गजर वाजतही नाही. लाईट परत येईपर्यंत गजराची वेळ टळून गेली, तर तो दिवस गेलाच. दुसऱ्या प्रकारात ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी किंवा पेन्सिल सेल लागतात आणि निदान बझर तरी वाजतो. आतमध्ये चार्ज होणारी बॅटरी असेल तर रेडिओही लागू शकतो. पहाटे गाडी पकडणाऱ्याने दुसरा किंवा तिसरा प्रकारच घ्यावा, असं माझं स्पष्ट मत आहे. बटन सेलवाला सेट ज्यांचं दहा मिनिटं इकडेतिकडे चालतं त्यांच्यासाठी ठीक.

तपासणी सोपी आहे. घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी गजर पाच मिनिटं पुढे लावा, प्लग काढा आणि बघत बसा. परत करायची मुदत संपायच्या आत हे झालं पाहिजे.

'आमच्याकडे इन्व्हर्टर आहे' म्हणून निश्चिंत राहणाऱ्यांनी एक करावं: उशाजवळचं सॉकेट इन्व्हर्टरच्या लाईनवर आहे का ते बघावं. अनेक घरांत पंखा आणि ट्यूब इन्व्हर्टरवर असतात, सॉकेट नसतं. शिवाय स्क्वेअर वेव्ह प्रकारच्या स्वस्त इन्व्हर्टरवर रेडिओत घुमल्यासारखी घर्रघर्र येते. तो बिघाड रेडिओचा नसतो.

परदेशातून आलेला सेट तसाच लावणं

नाशिकमध्ये मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत असलेली घरं पुष्कळ. येताना आईबाबांसाठी चांगला, मोठ्या आकड्यांचा घड्याळ-रेडिओ आणला जातो. मायेने आणलेली वस्तू बाजूला पडू नये, म्हणून हा भाग जरा सविस्तर सांगते.

पहिली गोष्ट व्होल्टेजची. तिकडे घरातला वीजपुरवठा १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. थेट आपल्या सॉकेटला लावला तर आतला ट्रान्सफॉर्मर जळतो. वेगळा अडॅप्टर असेल आणि त्यावर १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असेल तर काळजी नाही. नाहीतर स्टेप-डाऊन ट्रान्सफॉर्मर लागतो.

तो लावल्यावरही काही सेटचं घड्याळ मागे पडत जातं, तासाला चक्क दहा मिनिटं. कारण असे सेट विजेच्या लहरी मोजून वेळ ठरवतात. अमेरिकेत सेकंदाला ६० लहरी, आपल्याकडे ५०. साठ मोजायची सवय असलेल्या घड्याळाला आपला एक तास पन्नास मिनिटांचाच वाटतो. ट्रान्सफॉर्मर व्होल्टेज बदलतो, ही वारंवारता बदलत नाही. काही सेटच्या मागे किंवा बॅटरीच्या खणात ५०/६० असं बारीक बटण असतं, ते शोधा. ते नसेल तर त्या घड्याळाचा इथे उपयोग नाही, रेडिओ म्हणून वापरा. (इथल्या ५० हर्ट्झच्या सेटमध्येही याच कारणाने थोडा फरक पडतो. ग्रीडची वारंवारता दिवसभर ४९.९ राहिली तर असं घड्याळ जवळपास तीन मिनिटं मागे पडेल. क्वार्ट्झवर चालणाऱ्या सेटला हा प्रश्न येत नाही.)

रेडिओ म्हणून वापरायलाही एक अडचण येऊ शकते. नाशिक आकाशवाणी १०१.४ मेगाहर्ट्झवर आहे. अमेरिकेत एफएमची स्टेशनं विषम दशांशावर असतात: १०१.३, १०१.५ अशी. फक्त तिथल्यासाठी बनवलेला डिजिटल ट्यूनिंगचा सेट या दोन आकड्यांवर थांबतो, मधल्या १०१.४ वर थांबत नाही, आणि आवाज फाटका येतो. मीडियम वेव्हचंही तेच. आपल्याकडे स्टेशनं ९ किलोहर्ट्झच्या अंतराने, तिकडे १० च्या. पुणे केंद्राच्या ७९२ साठी तो सेट ७९० वर थांबेल. सकाळी सात पाचच्या प्रादेशिक बातम्या पुण्याहून ऐकायची सवय असलेल्यांना हे लगेच जाणवेल. गोल चकती फिरवून स्टेशन लावायच्या सेटला ही अडचण नाही. अशा वेळी तो साधा सेटच उजवा ठरतो. जपानच्या देशांतर्गत बाजारातले जुने सेट तर ९० मेगाहर्ट्झलाच संपतात.

'आपोआप वेळ लावणारं' घड्याळ म्हणून जे येतं तेही नीट बघा. ते तिकडच्या वेळ-प्रक्षेपण केंद्राचा रेडिओ संदेश पकडतं, किंवा त्यात कारखान्यातच वेळ भरलेली असते आणि अमेरिकेचे टाइम झोन निवडायची सोय असते. ग्रीनिचच्या वेळेपासूनचा आपला साडेपाच तासांचा फरक त्यात बसत नाही. 'डेलाइट सेव्हिंग' बंद केलं नाही तर मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये घड्याळ स्वतःहून एक तास सरकतं. इंग्लंडहून येणारे डॅब (म्हणजे डिजिटल प्रक्षेपण पकडणारे) रेडिओ भारतात आणू नका, ते प्रक्षेपण इथे नाही. डॅबसोबत एफएम असेल तर तेवढंच चालेल.

आकडे दुकानात छान दिसले म्हणून घेणं

दुकानात ठळक दिसणारे निळे किंवा पांढरे आकडे रात्री खोलीभर उजेड पाडतात. डोळ्यांतल्या ज्या पेशी शरीराला दिवस-रात्र कळवतात, त्या साधारण ४८० नॅनोमीटरच्या निळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. झोपायच्या खोलीत लाल किंवा नारिंगी आकडेच बरे. प्रकाश कमी करायची सोय हवीच, आणि तीही नुसती 'जास्त-कमी' अशी दोन टप्प्यांची नको. 'कमी' सुद्धा बऱ्याच सेटमध्ये डोळ्यांत जाईल इतकी असते. दुकानात दोन्ही तळहातांचा आडोसा करून आत डोकावून बघा. चष्मा लागत असेल तर तो काढून, बिछान्याएवढ्या अंतरावरून आकडे वाचून बघा, कारण रात्री तुम्ही तेच करणार आहात.

बटणांचंही असंच. डोळे मिटा आणि 'स्नूझ' व 'गजर बंद' ही बटणं बोटांनी ओळखता येतात का ते पाहा. सगळी बटणं एका रांगेत, एका मापाची असतील तर आजी-आजोबांसाठी तो सेट घेऊ नका. स्पर्शाने चालणारी गुळगुळीत बटणं तर त्यांच्यासाठी अजिबात नकोत.

खरखर येते म्हणून रेडिओला दोष देणं

मागे लोंबणारी पातळ वायर गुंडाळून, रबर लावून ठेवलेली असते तशीच राहते. ती अँटेना आहे. १०१.४ मेगाहर्ट्झच्या लहरीची लांबी तीन मीटरच्या आसपास, आणि तिचा पाव भाग म्हणजे साधारण ७४ सेंटिमीटर. वायर साधारण एवढी असते ती उगाच नाही. पूर्ण सरळ करून खिडकीकडे किंवा भिंतीवर उभी चिकटवा. लोखंडी कपाटाला खेटून सेट ठेवू नका. आरसीसी इमारतीत आतल्या खोलीपेक्षा खिडकीजवळ फरक स्पष्ट कळतो.

एफएम साधारण सरळ रेषेत जातं, डोंगर मध्ये आला की अडतं. त्र्यंबक-इगतपुरीकडच्या डोंगराआड घर असेल तर एफएमच्या भरवशावर महागडा सेट घेण्याआधी शेजाऱ्याकडे काय लागतं ते ऐका, आणि मीडियम वेव्ह असलेला सेट निवडा. मीडियम वेव्हची अँटेना सेटच्या पोटात असते, बाहेरची वायर हलवून उपयोग नाही. संपूर्ण सेटच हळूहळू फिरवून बघायचा.

मीडियम वेव्हवर अचानक घर्रघर्र सुरू झाली तर घरातली एकेक वस्तू बंद करून बघा: मोबाईल चार्जर, स्वस्त एलईडी बल्ब, पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर. बहुधा चार्जरच सापडतो. ज्या सेटच्या डोक्यावर वायरलेस चार्जिंग असतं त्यांत बहुधा मीडियम वेव्हच नसते, तेही घेण्याआधी बघून घ्या.

गजर वाजलाच नाही, तेव्हा आधी हे बघा

गजराच्या वेळेपुढचा बारीक ठिपका बघा. तो सकाळ आहे की संध्याकाळ हे सांगतो. पहाटे पाचऐवजी संध्याकाळी पाचचा गजर लागणं फार सर्रास घडतं. २४ तासांची पद्धत असेल तर तीच लावा, हा घोळ कायमचा मिटतो.

नंतर आवाजाची चकती. साध्या सेटमध्ये गजराचा रेडिओ वेगळ्या आवाजात वाजत नाही, रात्री ठेवला होता तेवढ्याच आवाजात लागतो. झोपताना हळू आवाजात गाणी ऐकली असतील तर पहाटे रेडिओ लागला होता, तुम्हाला ऐकू आला नाही एवढंच. हळूहळू वाढत जाणारा स्वतंत्र गजर-आवाज असलेला सेट थोडे पैसे जास्त देऊनही घ्यावा.

तिसरं कारण स्टेशन. ते त्या वेळी प्रक्षेपित होत नसेल किंवा चकती जरा सरकली असेल तर नुसती खरखर येते. पहाटेच्या गजरासाठी स्टेशन आदल्या दिवशी त्याच वेळी लावून खात्री करा. दोन गजर लावता येत असतील तर पहिला रेडिओवर आणि पाच मिनिटांनी दुसरा बझरवर ठेवा. 'सोमवार ते शुक्रवार' असा पर्याय चुकून लागला असेल तर शनिवारी तो गप्प राहणारच, आणि नाशिकच्या कारखान्यांत शनिवारी सुट्टी सगळ्यांना नसते.

एवढं करूनही वाजला नाही तर बॅकअपची बॅटरी काढून टोकं बघा. पांढरट-हिरवी पूड जमली असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, स्प्रिंग गंजली नसेल तर नवी बॅटरी घाला. ही बॅटरी लाईट गेल्यावरच कामाला येत असल्याने ती संपलेली कुणाच्या लक्षात येत नाही. पावसाळ्याआधी छत्र्या-रेनकोट बाहेर काढाल तेव्हाच ती बदला, आणि बदलताना प्लग सॉकेटमध्येच राहू द्या, म्हणजे वेळ पुन्हा लावावी लागणार नाही.