रेडिओवर तीन मिनिटांत मनातलं सांगायचंय? मग हे वाचा

इंदूरातल्या आपल्या मराठी घरांतली पोरं हल्ली विचारतात, की ताई, आपले विचार, आपण काय मानतो असं छोटंसं रेडिओवर बोलायचंय, सुरुवात कुठून करू? मालवा हाऊसला, म्हणजे आपल्या आकाशवाणीत, मी वार्ता, म्हणजे बातम्या नव्हे, छोटी भाषणं, वाचल्यात, त्यातून जे हाती लागलं ते सांगते.

हा प्रकार जुना आहे बरं. अमेरिकेत १९५१ साली एडवर्ड मरो हे पत्रकार रेडिओवर ‘धिस आय बिलीव्ह’ (‘मी हे मानतो’) हा कार्यक्रम घेऊन आले, जेमतेम पाच मिनिटांत एकेक माणूस आपण काय मानतो ते सांगायचा, हेलन केलरसुद्धा त्यात होत्या, आणि २००५ मध्ये एनपीआर या तिथल्या सार्वजनिक रेडिओने ते परत सुरू केलं. तिथे लिहिणाऱ्यांना सांगायचे की उपदेश नको, ‘आपण सगळ्यांनी’ नको, ‘मी’ म्हणा आणि घडलेलं सांगा. मला हे शंभर टक्के पटतं.

कारण ‘माणुसकी जपावी’ म्हटलं की ऐकणारा भाजी चिरायला लागतो. माझी आजी बजाजखान्यात साडीसाठी तासभर भाव करायची, पण ठेलेवाल्या बाईला मागेल तेवढे द्यायची, म्हणायची, “उन्हात उभी आहे गं ती.” पोटासाठी उन्हात उभं राहणाऱ्याशी घासाघीस करायची नाही हे मी मनापासून मानते, आणि ते सांगायला मला ही आजीच लागते, मोठे शब्द नाही. तुमच्याकडेही असं कुणीतरी असणारच, तेच शोधा आधी, मग पेन उचला. एका वार्तेत एकच गोष्ट, दुसरी सुचली तर ती पुढच्या वेळी.

इथे बोलायचं हिंदीत असतं, पण पहिला खर्डा मराठीतच करा, घरात ज्या भाषेत भांडतो त्यात खोटं लिहवत नाही. आजीचं वाक्य मात्र हिंदीतही तसंच मराठीत ठेवा, इंदूरला कळतं ते.

लिहिलेलं मोठ्याने वाचा. श्वास अडकला तिथे वाक्य तोडा. ऐकणाऱ्याला मागे जाऊन परत वाचता येत नाही, म्हणून कोण बोललं ते आधी, काय बोललं ते नंतर. तीन मिनिटांना मला साडेतीनशेच्या आसपास शब्द पुरतात, त्याहून जास्त असले की धावत वाचावं लागतं आणि मग मनातलं मनातच राहतं.

कागद एका बाजूने लिहिलेले, पिन न मारलेले, म्हणजे सरकवताना खडखड होत नाही. माइकपासून तोंड जरा तिरकं, नाहीतर प, फ, भ फुटतात. घरी मोबाइलवर करत असाल तर पंखा बंद, कपड्यांनी भरलेल्या कपाटासमोर बसा, आवाज घुमत नाही.

आकाशवाणीत स्क्रिप्ट आधी दाखवावी लागते. दुसऱ्याच्या धर्मावर किंवा कुणा पक्षावर नाव घेऊन टीका चालत नाही, त्यामुळे आपण काय मानतो तेवढंच लिहा, दुसरे काय चुकतात ते नको.