गुलकंद बिघडतो तो इथे! या चुका टाळा

एप्रिल लागला की मला तेच फोन सुरू होतात. "ताई, गुलकंदावर पांढरं काहीतरी आलंय", "ताई, आंबूस वास येतोय". अहो, आपण सोलापुरात राहतो, उन्हाळ्यात पारा ४० च्या वर असतो, असं कोरडं खणखणीत ऊन मुंबईवाल्यांना मिळत नाही. तरी बरणी बिघडते म्हणजे चूक उन्हाची नाही, घाईची आहे.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओल्या पाकळ्या. धुवायच्याच, त्यात वाद नाही, पण दहा मिनिटं फॅनखाली ठेवल्या आणि भरल्या बरणीत, असं चालत नाही. साखर पाकळीतलं पाणी ओढून घेते आणि त्याचा इतका घट्ट पाक होतो की त्यात बुरशी जगत नाही. तुम्ही वरचं पाणी आत नेलं की पाक पातळ राहतो आणि मग तो आंबतोच. लग्नानंतर दुसऱ्या वर्षी मी हेच केलं, संध्याकाळी पाहुणे येणार होते म्हणून २ किलो पाकळ्या उरकून टाकल्या. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हाताला गार लागतायत अजून." मी ऐकलं नाही. आठव्या दिवशी झाकण फिरवलं तर फस्स करून आवाज, वर फेस, ताडीसारखा वास. गॅसवर उकळून बघितलं, वास काही जाईना, सगळं टाकलं. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत, तेच जास्त लागलं. तेव्हापासून जुनी सोलापुरी चादर अंथरायची, त्यावर स्वच्छ पांढरं धोतर, त्यावर पाकळ्या, रात्रभर सावलीत. सकाळी मूठभर पाकळ्या गालाला लावून बघते, गार लागल्या तर अजून थांबते.

दुसरी चूक फुलांची. बुकेतली लांब दांड्याची फुलं दिसायला देखणी, पण वास नसतो आणि ती खाण्यासाठी पिकवलेली नसतात, त्यांच्यावर औषधं मारलेली असतात आणि ती धुवून पूर्ण जात नाहीत. देवाच्या हारातली सुद्धा नको, कुठून आली काय माहीत. गावठी गुलाबच हवा, तो लांबूनच वास देतो. मी घरच्या कुंड्यांतली घेते आणि कमी पडली तर ओळखीच्या शेतकऱ्याकडून, फवारणी झाली का ते विचारूनच. पाकळीच्या बुडाशी पांढरट टोक असतं ते कडवट लागतं, ते खुडते, वेळ जातो, जाऊ दे.

साखर कमी करू नका. १ किलो पाकळ्यांना निदान १ किलो खडीसाखर, मी सव्वा किलो घालते. डायबिटीससाठी कमी साखरेचा गुलकंद करते म्हणणाऱ्या बायकांना माझं सांगणं, मग तो फ्रिजमध्ये ठेवा आणि लवकर संपवा, बरणीत वर्षभर टिकेल अशी आशा धरू नका.

बरणी काचेची. प्लास्टिक उन्हात नको. संध्याकाळी घरात आणायची. कोरड्या लाकडी चमच्यानं रोज हलवायचं. वेलची, बडीशेप शेवटी.

आषाढात सुरू करू नका हो.

गॅसवर अर्ध्या तासात करतात तो जॅम, गुलकंद नाही. चांगला लागतो, पण मी त्याला गुलकंद म्हणणार नाही. करायचाच असेल तर आधी पाकळ्या थोड्या पाण्यात मऊ शिजवा, मगच साखर, नाहीतर पाकळ्या चामड्यासारख्या चिवट होतात. लिंबू पिळलं की फिकट पडलेला रंग परत गुलाबी होतो. पाकळ्यांत पेक्टिन फारसं नसतं त्यामुळे तो पेरूच्या जेलीसारखा थिजणार नाही, थिजत नाही म्हणून आटवत बसलात तर पाक कडक होतो.

उन्हातला गुलकंद मात्र तीन-चार आठवडे घेतोच. पाकळी गडद तपकिरी-लाल होऊन बोटात दाबली की विरघळली पाहिजे. मधेच बुरशी दिसली तर वरचा थर काढून खालचा खाऊ नका, आख्खी बरणी टाका आणि पुढच्या वेळेला बरणी सुद्धा उन्हात कडकडीत वाळवून घ्या.