सॉफ्टवेअर उघडतं, पण सेव्ह होत नाही? फोल्डर परमिशनच्या या चुका टाळा

एका पतसंस्थेत पिग्मीच्या पावत्यांचं सॉफ्टवेअर नव्या कॉम्प्युटरवर टाकलं होतं. सकाळच्या पाळीतल्या ताई आपल्या लॉगिनने बसायच्या, काही अडचण नव्हती. दुपारी दुसरे क्लार्क त्याच कॉम्प्युटरवर स्वतःच्या लॉगिनने बसले की पावती निघायची, पण प्रिंटरची सेटिंग बदलून सेव्ह दाबलं की लगेच ‘अ‍ॅक्सेस इज डिनाइड’. पंधरा दिवस त्रास सोसून त्यांनी वाट काढली: दुपारीही ताईंच्याच लॉगिनने काम. सॉफ्टवेअर नोंदीत विंडोजच्या लॉगिनचं नाव घेत होतं. पुढे एका पावतीत रकमेची चूक निघाली आणि नाव आलं ताईंचं, त्या वेळी तर त्या घरी होत्या. परमिशनची तक्रार आली की मी ती बाजूला ठेवत नाही, ती या प्रसंगामुळे.

दोष ना क्लार्कचा होता, ना प्रिंटरचा. सॉफ्टवेअर आपली सेटिंग सी ड्राइव्हवरच्या ‘प्रोग्रॅमडेटा’ फोल्डरमध्ये ठेवत होतं. जागा बरोबर आहे, सगळ्यांचा सामाईक डेटा तिथेच असायला हवा. पण त्या फोल्डरचा मूळ नियम फार जण वाचत नाहीत. साध्या युजरला तिथे नवी फाइल बनवता येते, दुसऱ्याची फाइल वाचता येते, पण दुसऱ्याने बनवलेली फाइल बदलता येत नाही. जो बनवतो, त्याला पूर्ण हक्क. सेटिंगची फाइल पहिल्या दिवशी ताईंच्या लॉगिनमधून तयार झाली, म्हणून ती ताईंची. सेटअपने स्वतःच फाइल बनवली असती, तर ती अ‍ॅडमिनची झाली असती आणि दोघेही अडले असते. म्हणून ‘नवी फाइल बनते, जुनी सेव्ह होत नाही’ असं लक्षण दिसलं की आधी फाइलचा मालक बघा. फाइलवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, अ‍ॅडव्हान्स्ड. वरच ‘ओनर’ लिहिलेला असतो.

चूक पहिली: ‘एव्हरीवन’ला फुल कंट्रोल

सगळ्यात जास्त दिसणारी चूक हीच, आणि सगळ्यात घातकही. एरर आली की प्रोग्रॅम फाइल्समधल्या त्या सॉफ्टवेअरच्या अख्ख्या फोल्डरवर ‘एव्हरीवन’ टाकायचं आणि सगळ्या टिक मारायच्या. एरर जाते, हे खरं. पण त्याच फोल्डरमध्ये प्रोग्रॅमची मुख्य फाइल आणि डीएलएल, म्हणजे तिला लागणाऱ्या कोडच्या जोडफाइल, असतात. प्रोग्रॅम फाइल्समध्ये साध्या युजरला फक्त वाचायची आणि चालवायची परवानगी मुद्दाम ठेवलेली आहे. बऱ्याच सॉफ्टवेअरसोबत एखादी सर्व्हिस, म्हणजे पडद्यामागे चालणारा प्रोग्रॅम, येते, ती ‘लोकल सिस्टिम’ या खात्याने चालते, म्हणजे कॉम्प्युटरवर जवळजवळ सर्वाधिकार. तिची फाइल कोणालाही बदलता येत असेल, तर साध्या लॉगिनमध्ये शिरलेला व्हायरस ती बदलतो आणि पुढच्या रीस्टार्टला अ‍ॅडमिनपेक्षा मोठा होतो. जिथे लोकांचे पैसे हाताळले जातात, त्या कॉम्प्युटरवर हे उघडं दार मला बघवत नाही.

योग्य उपाय आहे छोटा. फक्त डेटाचं फोल्डर घ्या. प्रोग्रॅमडेटा लपवलेलं असतं, म्हणून आधी ‘व्ह्यू’मध्ये हिडन आयटम्स दाखवा. त्यात सॉफ्टवेअरचं फोल्डर, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट. ‘युजर्स’ ही ओळ आधीच असते. ती निवडून ‘मॉडिफाय’वर टिक करा. मॉडिफाय पुरेसं आहे. फुल कंट्रोलमध्ये परमिशन बदलण्याचा आणि मालकी घेण्याचाही हक्क जातो, आणि पावत्या छापायला तो लागत नाही.

चूक दुसरी: ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ची सवय

याने एरर दबते आणि कधीकधी डेटाच गायब झाल्यासारखा दिसतो. व्हिस्टापासून, म्हणजे २००७ पासून, विंडोजमध्ये एक सोय आहे. जुन्या ३२ बिट प्रोग्रॅमने प्रोग्रॅम फाइल्समध्ये लिहायचा प्रयत्न केला, तर विंडोज त्याला अडवत नाही. ते लिखाण गुपचूप त्या युजरच्या खासगी फोल्डरमध्ये, म्हणजे अ‍ॅपडेटामधल्या ‘व्हर्च्युअलस्टोअर’ फोल्डरमध्ये वळवतं. प्रोग्रॅमला वाटतं, आपण आपल्याच फोल्डरमध्ये लिहिलं. प्रत्येक लॉगिनची अशी वेगळी प्रत तयार होते. दोन क्लार्कना वेगवेगळे आकडे दिसतात, बॅकअप मूळ फोल्डरचा घेतला जातो आणि त्यात नवं काहीच नसतं. एके दिवशी कोणी अ‍ॅडमिन म्हणून उघडतं, तेव्हा वळवणं बंद होतं, मूळ फोल्डरमधला जुना डेटा समोर येतो आणि सगळ्यांचे चेहरे पांढरे पडतात. अशा वेळी काहीही पुन्हा इन्स्टॉल करू नका. आधी प्रत्येक लॉगिनचं व्हर्च्युअलस्टोअर उघडून तारखा पाहा. डेटा बहुतेकदा तिथेच सापडतो.

सेटअप करतानाही हीच सावली पडते. साध्या लॉगिनमध्ये सेटअप सुरू केला आणि अ‍ॅडमिनचा पासवर्ड टाकला, तर सेटअप त्या अ‍ॅडमिन खात्याने चालतो. ‘युजरचं फोल्डर’ म्हणून तो जे बनवतो ते अ‍ॅडमिनच्या अ‍ॅपडेटामध्ये जातं, क्लार्कच्या नाही. काही सेटअपच्या शेवटच्या पानावर ‘आत्ताच सुरू करा’ अशी टिक असते. ती काढून टाका आणि सॉफ्टवेअर पहिल्यांदा साध्या लॉगिनमधूनच उघडा.

चूक तिसरी: ‘डिनाय’ वापरणं

कोणी फोल्डर बघू नये म्हणून युजर्सवर ‘डिनाय’, म्हणजे स्पष्ट मनाई, लावतात. अ‍ॅडमिनही सहसा युजर्स ग्रुपमध्ये मोडतो, त्यामुळे तोही बाहेर फेकला जातो. परवानगी द्यायची नसेल तर ओळ काढा, डिनाय नको.

परवानगी नसलेलं फोल्डर उघडताना ‘कंटिन्यू’ बटण येतं, त्याकडेही लक्ष असू द्या. ते दाबलं की तुमच्या खात्याची परवानगी त्या फोल्डरवर कायमची लिहिली जाते. सोडून गेलेल्या माणसांची खाती डिलीट झाली की त्या ओळी नुसत्या लांबलचक नंबरांच्या रूपात उरतात.

अंदाजाने बदल करत बसू नका

मायक्रोसॉफ्टचं ‘प्रोसेस मॉनिटर’ हे मोफत टूल वापरा. फिल्टरमध्ये ‘रिझल्ट’ला ‘अ‍ॅक्सेस डिनाइड’ लावा, सॉफ्टवेअरमध्ये सेव्ह दाबा, आणि नेमकी कोणती फाइल अडली ते पाथसकट दिसतं. आमच्या प्रकरणात एकच ओळ महत्त्वाची निघाली. तिथे परमिशन ठीक दिसत असेल, तर विंडोज सिक्युरिटीमधलं ‘कंट्रोल्ड फोल्डर अ‍ॅक्सेस’ चालू आहे का बघा. ते डॉक्युमेंट्ससारख्या फोल्डरमध्ये अनोळखी प्रोग्रॅमला लिहू देत नाही.

बदलाआधी सध्याची परमिशन जपून ठेवा. अ‍ॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘आयकॅकल्स’ (icacls) कमांड सेव्ह ऑप्शनने चालवली की यादी एका फाइलमध्ये उतरते. परत आणताना रिस्टोअर मात्र त्या फोल्डरवर नाही, त्याच्या वरच्या फोल्डरवर चालवायचं असतं. इथे अनेक जण अडकतात.

सेटअप स्वतः बनवणाऱ्यांना एक विनंती. इनो सेटअप या सेटअप बनवायच्या टूलमध्ये डेटाच्या फोल्डरला युजर्सची मॉडिफाय परमिशन एका ओळीत देता येते, ती द्या. स्क्रिप्टमधून देत असाल तर ग्रुपचं नाव लिहू नका, कारण जर्मन विंडोजवर ‘युजर्स’चं नाव ‘बेनुत्सर’ असतं. एस-१-५-३२-५४५ हा ओळखक्रमांक मात्र सगळीकडे तोच.

दुरुस्तीनंतर तपासणी दोन्ही लॉगिननी करा, आणि एकदा नाही. ताईंनी सेव्ह करावं, मग दुसऱ्यांनी, मग पुन्हा ताईंनी. काही सॉफ्टवेअर सेव्ह करताना जुनी फाइल काढून नवी बनवतं. परमिशन फक्त त्या एका फाइलवर दिली असेल तर ती जुन्या फाइलसोबत जाते आणि पुढच्या लॉगिनच्या सेव्हला एरर परत येते. फोल्डरवर दिली असेल तर नव्या फाइललाही लागते.